येऊरला दोन तास फिरून एकही मशरूम का दिसलं नाही, आणि लॉनवरचं का खायचं नाही

सगळ्यात आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते थांबणारं नाही. घणसोलीच्या तुमच्या सोसायटीच्या लॉनवर जी पांढरी छत्रीसारखी अळंबी उगवलीये आणि आई म्हणतायत की आमच्या गावाला हीच खायचो, ती खाऊ नका. भाजी नाही, सूप नाही, नुसतं चाखून बघणं तर अजिबात नाही. काढून फ्रीजमध्ये ठेवली असेल तर टाकून द्या आणि हात धुवा. कारण पुढे येतंय, बाकीचं चहा घेऊन निवांत वाचा.

आता पहिला प्रश्न. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात, दोन तास फिरलात, एक मशरूम दिसलं नाही, आणि व्हिडिओत तर लोक शरद ऋतूत जंगलात जाऊन टोपल्या भरून आणतात, मग आपल्याकडे नसतातच का, कुठे जायचं, असं विचारलंय. मी ठाण्यात राहते, २२ वर्षं कॉलेजात बॉटनीची प्रॅक्टिकल्स घेतली आणि त्यातले बहुतेक पावसाळे येऊरच्या चिखलात गुडघे टेकून घालवले, त्यामुळे खात्रीने सांगते, त्या दिवशी त्याच वाटेवर तुम्ही किमान सात-आठ जातींच्या बुरशीजवळून चालत गेला असणार. दिसल्या नाहीत कारण डोक्यात लाल टोपीवर पांढरे ठिपकेवालं चित्र होतं. ते आपल्या जंगलात भेटत नाही, आणि ते का भेटत नाही हे कळलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

ते लाल ठिपकेवालं बर्च, पाइन असल्या झाडांच्या मुळांशी जोडीदारी करून राहतं. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. युरोपच्या जंगलात ओक, बीच, बर्च, पाइन ही सगळी झाडं अशा छत्रीवाल्या बुरशींशी जोडलेली असतात, तिकडे उन्हाळा संपून सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस आणि गारवा आला की सगळं जंगल एकदम उगवून येतं. म्हणून त्यांचा सीझन ऑटम. आपल्याकडे येऊरला काय आहे? साग, ऐन, खैर, पळस, कुडा. ह्यातल्या बहुतेकांची पण बुरशीशी भागीदारी असतेच, पण ती वेगळ्या प्रकारची, मुळाच्या आत राहणारी, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही आणि ती छत्र्या काढतच नाही. त्यामुळे झाडाखाली जमिनीतून रुबाबात उभं असलेलं मोठं मशरूम शोधत फिरलात तर बहुतेक रिकाम्या हाती परत याल. (अपवाद आहेत. निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड असेल तिथे बटाट्यासारखी गोल, फोडली की काळपट पावडर उडवणारी बुरशी मिळते, ती ह्या झाडांच्या मुळांची सोबतीण.)

आणि सीझन तर पूर्ण वेगळा. हवामान खात्याच्या सध्याच्या तारखांप्रमाणे मुंबई भागात मान्सून सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परत फिरतो. म्हणजे तुम्ही गेलात ते मांडव सोडल्यावर जेवायला. ऑक्टोबर हीट सुरू झाली की मऊ, पाणीदार टोप्या दोन दिवसांत सुकून जातात.

मी मुलांना फिरायला न्यायचे तेव्हा एकच सांगायचे, मशरूम शोधू नका, त्याचं जेवण शोधा. जे दिसतं ते फक्त फळ आहे, खरी बुरशी म्हणजे आतले पांढरे धागे, आणि ते धागे जिथे खायला मिळतं तिथेच असतात. आपल्या जंगलात तिला मुख्यतः खायला आहे मेलेलं लाकूड, वाळवीचं वारूळ, कुजलेला पाला आणि गुराचं शेण. एकदा ही नजर बसली की दोन किलोमीटर चालायची गरजच राहत नाही, एका पडलेल्या झाडाजवळ अर्धा तास जातो.

लाकडापासून सुरू करा कारण ते ऑक्टोबरमध्येही चालतं, अगदी डिसेंबरातही. वाळक्या फांदीवर पांढरट-करडी, केसाळ, नखाएवढी पंख्यासारखी चकती दिसली की खालून बघा, गिल्स (टोपीखालचे पातळ पडदे) मधोमध उभ्या चिरलेल्या असतात. हे शायझोफायलम, जगात अंटार्क्टिका सोडून सगळीकडे सापडतं, आणि तुम्ही ते ठाण्यात हजार वेळा बघून काहीतरी फांदीला लागलंय म्हणून सोडून दिलेलं आहे. कोरड्या हवेत त्या चिरलेल्या गिल्स आत वळून घेतं आणि झोपतं, पाणी मिळालं की परत उघडतं. रस्त्यावर तुटून पडलेल्या गुलमोहराच्या फांदीवरचं एखादं घरी आणा, वाटीत थोड्या पाण्यात ओलं करून ठेवा आणि तासाभराने भिंगातून बघा, मिटलेली मूठ उघडावी तशा गिल्स पसरतात. ५० वर्षं कोरडं ठेवलेलं असं मशरूम पाणी मिळाल्यावर पुन्हा जागं झाल्याची नोंद आहे. मणिपूरमध्ये ह्याला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात, आपल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

त्याच लाकडावर भगव्या-लाल रंगाची पातळ कडक चकती दिसेल, इतकी भडक की कोणीतरी ऑइलपेंट सांडलाय वाटतं, ते पिक्नोपोरस. काळे, कोळशाच्या गोळ्यासारखे दिसणारे डाल्डिनिया, मधून कापला की आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. जमिनीलगतच्या कुजक्या ओंडक्यातून काळी बोटं वर आलेली दिसली तर घाबरू नका, ते झायलेरिया, इंग्रजीतलं त्याचं नाव मेलेल्या माणसाची बोटं असंच आहे. पावसाळ्यात ह्यातच भर म्हणून कानाच्या पाळीसारखं लिबलिबीत ऑरिक्युलेरिया, आणि ओढ्याजवळच्या ओल्या काटक्यांवर गुलाबी-केशरी वाट्या, कडेला बारीक केस असलेल्या. ती कुकीना. चहाच्या कपाएवढी असेल म्हणून शोधत बसू नका, रुपयाच्या नाण्याएवढी असते, पण पावसाचं पाणी भरलेली ती वाटी एकदा दिसली की पुढचे तीन पावसाळे तुम्ही काटक्यांकडेच बघत चालाल.

वारुळाची गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि तुमच्या आई जी म्हणतायत ती अळंबी बहुधा हीच. आपल्याकडच्या काही वाळव्या लाकूड थेट पचवत नाहीत, चावून त्याचा स्पंजासारखा पोळा बनवतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि मग ती खातात. शेती म्हणा ना सरळ. पावसात त्या शेतातून टर्मिटोमायसिस नावाचं मशरूम जमीन फोडून वर येतं. वाळवीशिवाय ह्याची धंद्यासाठी लागवड अजून कोणाला नीट जमलेली नाही, म्हणून बाजारात बटण आणि धिंगरी बारा महिने मिळतात आणि ही अळंबी फक्त पावसात, तीही पानात गुंडाळलेली, भाव विचारेपर्यंत संपलेली.

शहापूरकडे एका ओळखीच्या पाड्यावर एक आजी मला एकदा सोबत घेऊन गेल्या होत्या. बांधाजवळ वारूळ, त्याच्या कडेने पंधरा-वीस छत्र्या, टोपीच्या मधोमध टोकदार बोंड. त्यांनी कोयत्याच्या टोकाने माती बाजूला केली आणि दांडा खाली जातच राहिला, मुळ्यासारखा निमुळता होत, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत तरी असेल, आणि शेवटी आतल्या आत तुटला. खड्डा लगेच पायाने बुजवला, वारुळाला धक्का नाही लावला. तेवढ्यात मला चार पावलांवर अजून दोन दिसल्या, मला त्या अगदी तशाच वाटल्या, मी म्हटलं ह्याही घ्या. आजींनी वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, ही मला माहीत नाही. बस. विषारी आहे असंही म्हणाल्या नाहीत. चाळीस-पन्नास वर्षं अळंबी खाणारी बाई माहीत नाही म्हणून सोडून देते आणि आपण फोनमधल्या ॲपने ऐंशी टक्के म्हटलं की कांदा चिरायला घेतो.

इथे तुमच्या लॉनवर येते. आईंची आठवण खोटी नाही, पण ती गावच्या वारुळाची आठवण आहे. घणसोलीच्या लॉनवर वारूळ नाही, बाहेरून आणलेली माती आणि खत आहे, आणि तुम्ही वर्णन केलंय तसं पांढऱ्या टोपीवर मधोमध तपकिरी खवले, दांड्यावर वरखाली सरकणारी रिंग, गोलात उगवलेली, हे सगळं क्लोरोफायलम मोलिब्डायटिस नावाच्या विषारी मशरूमशी जुळतं. फोटोशिवाय आणि हातात घेतल्याशिवाय मी नाव पक्कं करणार नाही, पण लॉनवरचं मोठं पांढरं म्हटलं की आधी संशय हाच. जगात मशरूममुळे पोट बिघडण्याच्या केसेसमध्ये हे वारंवार येतं, खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब, माणूस पिळून निघतो. आणि कोवळं असताना गिल्स पांढऱ्या शुभ्र असतात त्यामुळे दिसायला एकदम सभ्य.

मी स्वतः ह्यात फसता फसता वाचलेय. आमच्याच बिल्डिंगच्या मागे आलं होतं, देखणं, हाताच्या पंजाएवढं, आणि मला जवळजवळ खात्री झाली होती की हे खाण्यातलं दुसरंच एखादं आहे. तरी सवय म्हणून टोपी कापून गिल्स खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवली, वर स्टीलचा डबा पालथा घातला आणि झोपले. (रात्रभरात टोपीतून बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, गळून कागदावर ठसा उमटतो, त्याला प्रिंट म्हणतात. दोन रंग अशासाठी की पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत.) सकाळी मिस्टरांनी आधी डबा उचलला आणि मला हाक मारून विचारलं, इथे पुदिन्याची चटणी सांडलीस का. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा, मळकट हिरव्या. हिरवा प्रिंट देणारं मोठं मशरूम म्हणजे बहुतेक वेळा तेच. वारुळाच्या अळंबीचा प्रिंट गुलाबीसर येतो. तुमच्याकडे अजून एखादं असेल तर हा प्रयोग नक्की करा, फुकट आहे, कागद फ्रेम करून ठेवावा इतका सुंदर येतो. पण गुलाबी आला म्हणून खायला घ्या असं मी म्हणत नाहीये, तो एक पुरावा आहे, निकाल नाही.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळा होतो का, भातात टाकलं तर भात लाल होतो का, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चांगलं, नीट उकळलं की विष जातं, ही जी काही यादी घरोघरी फिरते त्यातली एकही परीक्षा खरी नाही. सगळ्यात वाईट जे विष आहे, अमॅटॉक्सिन, ते शिजवून जात नाही, चव वाईट लागत नाही, आणि खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं आणि घरचे म्हणतात गेलं वाटतं, आणि तेव्हाच आत लिव्हर खराब होत असतं. म्हणून कोणीही जंगली अळंबी खाऊन सहा तासांनंतर आजारी पडलं तर बरं वाटण्याची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि उरलेली अळंबी किंवा निदान फोटो सोबत न्या.

खाण्याचा विषय सोडला तरी बघण्यासारखं इतकं आहे की खरं तर मला कळत नाही लोकांना टोपलीच का हवी असते. तसंही येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथून काहीही तोडून आणता येत नाही, त्यात मशरूमही आलं. मग खालची बाजू कशी बघायची? दातांच्या डॉक्टरकडे असतो तो छोटा दांडीचा आरसा घ्या, स्वस्त मिळतो, टोपीखाली सरकवा, मोबाईलचा टॉर्च मारा, न तोडता गिल्स, भोकं, रिंग सगळं दिसतं. शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा, ते २७ मिलिमीटरचं असतं, मग ओळख विचारताना साईजचा वाद होत नाही. लोक फक्त टोपीचा वरून फोटो पाठवतात आणि विचारतात हे काय, म्हणजे माणसाच्या टकलाचा फोटो पाठवून नाव विचारण्यासारखं आहे. वरून, खालून, बुडाशी आणि ते कशावर उगवलंय त्याचा, इतके फोटो पाहिजेतच.

कधी जायचं हे मात्र पावसावर अवलंबून आहे आणि दरवर्षी बदलतं. माझा अंदाज असा, दोन-तीन दिवस झड लागून मग एक दिवस उघडीप मिळाली की त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी जा. सलग मुसळधार चालू असेल तर मऊ टोप्या फुटून जातात, आठवडाभर खंड पडला तर येतच नाहीत. मृगाच्या पहिल्या गडगडाटी पावसानंतर शेणावरच्या, संध्याकाळपर्यंत शाई होऊन गळणाऱ्या छत्र्या आणि वारुळाजवळची नखाएवढी पांढरी अळंबी, ती तर शेकड्यांनी येते, सांडलेल्या लाह्यांसारखी. जुलैत लाकूड. श्रावण-भाद्रपदात वारुळाची मोठी आणि बांबूतली जाळीवाली. हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या पावसाने कधीकधी शेवटचा एक हप्ता मिळतो, यंदा तुम्ही तो चुकवलात.

जाळीवालीबद्दल एवढं सांगून पुढे जाते. फॅलस इंड्युसिएटस, बांबूच्या बेटाखाली आधी पांढरं अंडं दिसतं. एकदा सकाळी सातला असंच एक फुटायच्या बेतात असलेलं सापडलं म्हणून छत्री धरून बसले. दांडा हळूहळू वर आला आणि मग टोपीखालून पांढरी क्रोशाची जाळी खाली उतरायला लागली, डोळ्यांना हालचाल दिसत नाही पण घड्याळात बघून परत बघितलं की बोटभर खाली आलेली असते. आणि वास! मेलेल्या उंदराचा. टोपीवरच्या शेवाळी चिकटावर माश्या तुटून पडतात आणि बीजाणू घेऊन जातात, वास त्यांच्यासाठीच असतो. दुपारी परतताना बघितलं तर जाळी चिखलात लोळत होती. म्हणून सकाळी लवकर जा.

लवकर म्हणजे उजेड झाल्यावर, तो बिबट्याचा भाग आहे. संध्याकाळी रेंगाळू नका, एकटे जाऊ नका, वनखात्याच्या नाक्यावर विचारून जिथे परवानगी आहे तिथेच फिरा, पावसाळ्यात ओढे-धबधबे बंद असतात ते कारणाशिवाय नाही. ओंडक्याखाली हात घालायच्या आधी काठी, कारण घोणस आणि फुरसं त्याच पाल्यात बसतात. फुल पॅन्ट आणि गमबूट, एवढं पुरे.

येऊर लांब पडत असेल तर कर्नाळा आहे, आणि खरं सांगू, नवी मुंबईत रस्त्याच्या कडेलाच सुरुवात करता येईल. गुलमोहर, रेन ट्री ह्यांच्या बुंध्याशी व्हार्निश मारल्यासारखा चकचकीत तांबूस-तपकिरी फडताळ, म्हणजे फळीसारखी आडवी बुरशी, दिसतो ना, तो गॅनोडर्मा. त्याखालच्या पानांवर कोको पावडर सांडल्यासारखं दिसतं, ते त्याचे बीजाणू. दिसायला छान, पण जिवंत झाडाच्या बुडाशी तो आलाय म्हणजे आत मूळ किंवा खोड कुजतंय. झाड उद्याच पडेल असं नाही, पण खाली रोज गाड्या लागत असतील तर फोटोसकट महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा आणि तोपर्यंत तुमची गाडी दुसरीकडे लावा. फडताळ उपटून काही होत नाही, धागे आत आहेत.

राहिली तुम्ही शेवटी विचारलेली, बाल्कनीतल्या कुंडीतली पिवळीधमक नाजूक छत्री. ती बहुधा ल्युकोकोप्रायनस, नर्सरीच्या मातीतून किंवा कोकोपीटमधून येते, कुजका पाला खाते, झाडाला काही करत नाही. माती बदलू नका, फंगिसाईड मारू नका. घरात रांगतं बाळ किंवा कुत्रा असेल तर उपटून टाका, कारण खाण्यातली नाही. नसेल तर राहू दे. सकाळी उगवते, दुसऱ्या दिवशी मान टाकते, त्यामुळे प्रिंट घ्यायचा असेल तर आज रात्रीच डबा पालथा घाला. तिचा पांढरा येईल, काळा कागद विसरू नका.